मोटर बंद कर, टाकी भरली

वयाच्या ६१व्या वर्षी मी पार्श्वगायक झालो. यातला पार्श्व हा शब्द शब्दशः घ्यावा. गाणं चाललं होतं कोठीच्या खोलीत आणि मी होतो तिच्या मागच्या अंगणात, खांद्यावर टॉवेल टाकून. वरची टाकी भरून पाणी धो धो खाली यायला लागलं, तेव्हा कुठलाही संसारी माणूस जे ओरडेल तेच मी ओरडलो, "अबे बाबू, मोटर बंद कर ना! टाकी भरली!"

त्या वेळी बाबू, म्हणजे माझा भाचा, डोळे मिटून एका मुलीबद्दल गात होता. ती बसस्टँडवर येणार होती आणि आली नाही, एवढंच त्या गाण्याचं कथानक. वाट बघून बघून तो थकतो आणि दोन मात्रा गप्प बसतो, बरोबर त्या जागेवर माझी टाकी भरली. त्याने ते पुसलं नाही. महिन्याभरात कॉलेजातली पोट्टी मला रस्त्यात गाठून "मामा, टाकी भरली का जी?" असं विचारायला लागली. ३४ वर्षं बँकेत काढली, कर्जं दिली, कर्जं वसूल केली, पण गावात एवढी ओळख कधी झाली नव्हती.

गाव आमचं मूल. चंद्रपूरहून गडचिरोलीला जाताना मध्ये लागतं ते. धानाचं आणि राइस मिलांचं गाव. घर आईवडिलांचं. पुढच्या भागात मी राहतो, मागच्या भागात धाकटी बहीण आणि बाबू. जावईबुवा सिरोंच्याकडे शिक्षक आहेत, ते सुटीला येतात. मधली कोठी दोन्ही घरांची. तिच्यात धानाची पोती, आईची ट्रंक, लग्नकार्याची मोठी गंजं आणि एक पायमशीन, जिच्यावर शेवटचं शिवण कोणी घातलं हे कोणालाच आठवत नाही. आता त्या खोलीला स्टुडिओ म्हणतात. यातली एकही वस्तू बाहेर गेलेली नाही, फक्त मधोमध दीड हजार रुपयांचा एक माइक उभा राहिला आहे.

तो उभा राहतानाचा सगळा इतिहास मी डोळ्यांनी पाहिला. बाबूने कुठूनतरी ऐकलं की भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले की आवाज घुमत नाही. बहीण गुरुदेव सेवा मंडळाची, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना न चुकवणारी. ती म्हणाली, "माह्या घरात अंड्याचं नाव नाही निघालं आजवर, अन् तू त्याईचे ट्रे भिंतीले लावतो?" ट्रे धुऊन, उन्हात वाळवून, वर निळा रंग मारून आणले तरी तिने ते ओळखले. आठवडाभर घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं, त्यामुळे आवाज घुमण्याचा प्रश्न आपोआप मिटला होता. मग बाबूला कळलं की अंड्यांच्या ट्रेने फारसा फरक पडतच नाही. आवाज प्यायला काहीतरी जाड आणि जड लागतं. जाड आणि जड म्हटल्यावर आमच्या घरात दोनच गोष्टी आहेत, धानाची पोती आणि वाकळी. त्याने पोत्यांची तीन बाजूंनी भिंत केली, चौथ्या बाजूला दोरीवर वाकळ टाकली आणि आत जाऊन टाळी वाजवली. टाळी मेली. बाबूच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. पोराच्या टाळीला प्रतिसाद मिळाला नाही म्हणून एवढं खूश झालेलं घर मी दुसरं पाहिलेलं नाही.

यात एकच गोम आहे. धान काही कायम राहत नाही. ते खाल्लं जातं, विकलं जातं, बियाण्याला काढलं जातं. आश्विनात कोठी रिकामी होत येते आणि बाबूचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमायला लागतो. दिवाळीनंतर मळणी होऊन नवी पोती आली की तोच आवाज कानाशी येऊन बसतो. त्याची गाणी ऐकून मी आता सांगू शकतो की हे आश्विनातलं आहे की पौषातलं. रागाला ऋतू असतो असं ऐकलं होतं, पण पोत्यांच्या हिशेबाने असतो हे नव्हतं माहीत.

माइकच्या तोंडावर एक जाळी लागते, नाहीतर प आणि फ म्हटलं की फटाका फुटतो. विकतची जाळी महाग. बाबूने बहिणीची भरतकामाची रिंग घेतली आणि तिच्यात मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला. मच्छरदाणी मलेरियाची, म्हणजे सरकारकडून मिळालेली औषध लावलेली. त्यामुळे प्रेमातलं बाकी काहीही होवो, बाबूच्या गाण्यातून मलेरिया होणार नाही एवढी हमी देता येते.

खरा शत्रू मात्र पंखा. चंद्रपूर जिल्ह्याचा मे महिना बाहेरच्यांना आकड्यांत कळतो. ४७ अंश वगैरे बातमीत येतं आणि पुण्यातले नातेवाईक फोन करून विचारतात, "जिवंत आहात ना?" आम्ही कूलरसमोर बसून हो म्हणतो. पण माइकला कूलर चालत नाही, पंखा चालत नाही, दारखिडकी उघडी चालत नाही. बंद कोठीत, तीन बाजूंनी धान आणि चौथीकडे वाकळ, अशा अवस्थेत माणूस किती वेळ गाऊ शकतो? बाबूने प्रयोगाने ठरवलं आहे. २ मिनिटं ४० सेकंद. त्यापुढे सूर जातो, मग शब्द जातात, मग शुद्ध. जुन्या १० इंची तबकडीवर सुमारे तीन मिनिटंच मावायची म्हणून गाणी तीन मिनिटांची झाली, असं सांगतात. आमच्याकडे तबकडीचं काम उन्हाळ्याने केलं. बाबूची उन्हाळी गाणी सगळी २ मिनिटं ४० सेकंदांची आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटच्या कडव्यात लय थोडी वाढलेली आहे. लोकांना वाटतं भावना दाटून आल्या. त्याला पंख्याचं बटण दिसत असतं.

"पण हे असं खरखरीत काऊन वाजते बे?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं. मागे कुठेतरी मिल चालली होती, कोणीतरी खाकरलं होतं, आणि सगळ्यात खाली एक घूं असा सूर होता, जो थांबतच नव्हता.

"मामा, हे लोफाय आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कच्चं ठेवायचं. मुद्दाम."

मी गप्प बसलो. ३४ वर्षं मी लोकांचे कच्चे हिशेब पक्के करून घेतले, हा पक्क्याचं कच्चं करतो म्हणतो. पण मग त्याने मला त्याच्या पुण्यातल्या मित्राचं गाणं ऐकवलं. तो मित्र चांगल्या एसी खोलीत, शांत इमारतीत राहतो. त्याच्या गाण्यात पाऊस पडत होता, जुन्या तबकडीची चरचर होती, लांब कुठेतरी आगगाडी जात होती. हे सगळं त्याने आणून घातलेलं. पावसाचा आवाज, चरचर, आगगाडी असं तयार मिळतं म्हणे, आणि काही चांगल्या प्रतीचे आवाज पैसे देऊन घ्यावे लागतात. मला एकदम आमच्या घराची किंमत कळली. आमच्याकडे बल्लारशा-गोंदिया लाइनची मालगाडी रात्री शिट्टी मारत फुकट जाते. पाऊस टिनावर असा पडतो की आत गाणं चाललं आहे हे बाहेरच्याला कळत नाही आणि आतल्यालाही. मागच्या कवेलूंवर वानरांची टोळी सकाळ-संध्याकाळ धावते, तिला तर ठेका आहे. पुण्यातला पोरगा जे विकत घेतो ते आमच्याकडे हाकलूनही जात नाही.

त्या घूं सुराचंही बाबूने सांगितलं, आणि तेव्हापासून मी जरा ताठ मानेने वावरतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. ५० हर्ट्झ. पेटीवर शोधलं तर पांढरी पाच, पार खालच्या सप्तकातली, केसभर चढी. म्हणजे पंखा, फ्रिज, ट्यूबलाइटचा चोक, रस्त्यावरचा डीपी, सगळे मिळून दिवसरात्र पांढरी पाचमध्ये तंबोरा धरून बसलेले असतात, आणि आपण समजतो शांतता आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिकडचा तंबोरा काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो. तिकडे लोक इतके बेचैन का असतात याचं मला उत्तर मिळालं. आणि चंद्रपूरला लागून दुर्गापूरला औष्णिक वीज केंद्र आहे, २९२० मेगावॉटचं. मुंबईतल्या काचेच्या स्टुडिओत जी घूं दाबण्यासाठी एवढा खर्च करतात, तिच्यात थोडा आमचा कोळसा गात असणारच. बाबूने तर शहाणपणा केला, ती दाबायच्या भानगडीत पडलाच नाही. आपली सगळी गाणी पांढरी पाचमध्ये बसवली.

आमच्या पिढीला हे नवीन वाटायचं खरं तर कारण नव्हतं. फिलिप्स कंपनीने कॅसेट काढली १९६३ मध्ये, आमच्या गल्लीत ती पोचली वीसेक वर्षांनी. एका घरात टू-इन-वन आलं आणि आम्ही सगळे रेकॉर्डिस्ट झालो. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, बोटाने खूण करायची आणि श्वास धरून बसायचं. विकतच्या कॅसेटच्या पाठीवरचं प्लास्टिकचं टिकल मोडलेलं असायचं, त्या भोकावर चिकटपट्टी लावली की भजनांवर सिनेमाची गाणी भरता यायची. असं करून मी एका थोर गायकाची ठुमरी भरली होती. तिच्या मध्यावर माझ्या आईचा आवाज आहे, "भाकर थंडी होऊन राहिली." पुढे ती ठुमरी मी खऱ्या कॅसेटवर, मग सीडीवर, मग मोबाइलवर ऐकली. दर वेळी त्या जागी माझे कान भाकरीसाठी उभे राहतात, आणि गायक नुसताच पुढे निघून जातो.

घरातले आवाज घरातच टिपण्याचं मोठं काम खरं तर पुण्याच्या दोघा अभ्यासकांनी केलं, हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी. जात्यावरच्या लाखभर ओव्या त्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या आणि पुढे बायांच्या आवाजात, त्यांच्याच घरात बसून ध्वनिमुद्रणंही झाली. ऐकायला मिळाली तर जरूर ऐका. कोणी त्या बायांना काचेच्या खोलीत नेलं नाही. जात्याची घरघर तशीच आहे. तीही एक पांढरी पाचच म्हणायची, फक्त विजेआधीची.

बाबूला मात्र दाखले परदेशी आवडतात. अमेरिकेतला एक गवई, जस्टिन व्हर्नन, २००६च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनच्या जंगलात बापाच्या शिकारीच्या झोपडीत एकटा जाऊन राहिला आणि तिथे त्याने बोन ईव्हेर या नावाने एक अख्खा अल्बम जमवला. हे सांगताना बाबूची नजर खिडकीबाहेर, ताडोब्याच्या दिशेला गेली, तेव्हा मी ताबडतोब बहिणीला बोलावून घेतलं. विस्कॉन्सिनच्या जंगलात काय असेल ते असो, आमच्याकडे एकट्याने झोपडीत राहून अल्बम करायचा म्हटलं तर तो मरणोत्तरच निघायचा.

बिली आयलिशची गोष्ट मला जास्त पटली. तिने आणि तिच्या भावाने लॉस एंजलिसमध्ये आईबापाच्या घरी, भावाच्या झोपायच्या खोलीत गाणी केली. २०१९ मध्ये अल्बम आला आणि २०२० मध्ये ग्रॅमीची चारही मोठी बक्षिसं तिच्याकडे गेली. ती फार हळू गाते, कुजबुजल्यासारखी. बाबूही तसाच गातो. लोक याला शैली म्हणतात. मी याच घरात राहत असल्याने मला कारण माहीत आहे, पलीकडच्या खोलीत आई झोपलेली असते. संगीतात घराणं म्हणतात ते हेच असावं असं मला हल्ली वाटायला लागलं आहे. घरात कोण झोपलंय त्यावर गायकी ठरते.

ही कुजबुज आमच्या शेजाऱ्यांना मुळीच मान्य नाही. ते झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवत. झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया. दिवाळी झाली की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो, देसाईगंज-वडशाला मंडळ्यांची बुकिंग चालतात आणि बैलांचा शंकरपट असो की मंडईची जत्रा, रात्री दहाला उघडलेला पडदा उजाडताना पडतो. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गल्लीत आपल्याच घरात मिळाल्यासारखे पेढे वाटले गेले. त्या नाटकातला गाणारा धुक्यात, धानाच्या बांधीत, शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत आवाज नेतो. म्हातारा "वन्स मोअर" ओरडला की पुन्हा नेतो. शेजाऱ्यांनी बाबूचं गाणं कानाला फोन लावून ऐकलं, फोन उलटा केला, पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, "चाल बरी आहे ना जी. पण पोट्ट्याले जेवाले नाही देत का?"

मग म्हणाले, "तो मागे कोन ओरडते? त्याचा आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत जाते."

मी विषय बदलला, पण दिवसभर चहा गोड लागला.

बाबूचा एक मित्र आहे एटापल्लीकडचा, माडिया. बाबू आणि तो गडचिरोलीला एका खोलीत राहून शिकले. त्याच्याकडे माइक नाही, पोती नाहीत, काही नाही. मोबाइल दगडावर ठेवतो आणि गातो. नंतर नेटवर्क मिळेल अशा टेकडीवर चढून पाठवतो, म्हणून त्याचं गाणं आलं की आधी त्याचा दम लागलेला निरोप येतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने एक पाठवलं. रेला या नाचगाण्याच्या चालीवरचं, हळू, मागे कोरड्या पानांची सळसळ आणि त्यात एक बाई स्वतःशी पुटपुटल्यासारखं काहीतरी सारखं म्हणते आहे. बाबू वेडा झाला. ही काय कल्पना आहे, म्हणाला. मंत्र आहे का, जुनं काही लोकगीत आहे का, की तूच लिहून घेतलंस? दोन दिवसांनी मित्राचं उत्तर आलं. तेंदूपत्त्याचा हंगाम होता, आई पुडे बांधत होती. ७० पानांचा एक पुडा. ती पानं मोजत होती. गाण्याकडे तिचं लक्ष नव्हतं आणि मोबाइलकडे तर त्याहून नव्हतं. बाबूने पुन्हा ऐकलं. मग मीही ऐकलं. मोजता मोजता एका जागी ती चुकते, थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजते. पोरगा तिथे गाणं लांबवतो. मला वाटतं तिच्यासाठी थांबतो.

त्याचं ते गाणं आठवडी बाजारात पोचलं. तिथे एक डाउनलोडिंगचं दुकान असतं, म्हणजे छत्री, टेबल, लॅपटॉप आणि बॅटरी. मेमरी कार्ड द्यायचं, दहा-वीस रुपयांत भरून घ्यायचं. त्या दुकानातून निघालेल्या प्रत्येक गाण्यात मध्येच एक भारदस्त आवाज डीजेचं नाव आणि गाव पुकारतो. आमच्या भागातलं कुठलंही लग्न घ्या, सप्तपदी सुरू असताना एखादा डीजे स्वतःची ओळख करून देतच असतो. मला याचा राग यायचा. मग कळलं की कलकत्त्याच्या गौहर जान यांनी १९०२ मध्ये अगदी सुरुवातीच्या तबकड्या भरल्या, तेव्हा गाणं संपता संपता त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत, म्हणजे परदेशातल्या कारखान्यात तबकडी कोणाची ते कळावं. तेव्हापासून मी लग्नात डीजेचं नाव आलं की मान लववतो.

अशा गाण्यांचे श्रोतेही विलक्षण निघतात. मागच्या पौषात बाबूने सिंदेवाहीकडे एका मित्राच्या शेतावर, मचाणाखाली बसून रात्री एक गाणं भरलं. रातवा बोलत होता. हा पक्षी अंधारात चक-चक-चक असा एका लयीत सुरू होतो आणि शेवटी द्रुतमध्ये जाऊन थांबतो. बाबूने त्यालाच ठेका धरायला लावलं. गाणं छान झालं. माझ्या ओळखीच्या एका वनरक्षकाला मी कौतुकाने ऐकवलं. तो डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं लागली तार. एकदम म्हणाला, "थांबवा. मागे घ्या." मी मागे घेतलं. "इथे." १ मिनिट ५२ सेकंद. बाबू 'तुझ्याविना' म्हणतो आणि त्याच्या मागे लांब एक खक् होतं. पुन्हा एक. मी तोवर ते खोकला समजत होतो.

"वानराचा कॉल आहे," तो म्हणाला. "थोड्या वेळाने चितळ पण देते बघा. हे कोणत्या तारखेचं आहे? किती वाजता? शेत कोणाचं?"

बाबूला बोलावलं. त्याने तारीख सांगितली, वेळ सांगितली, तोंड पांढरं करून बसला. वनरक्षकाने वहीत नोंद केली. जाता जाता मला म्हणाला, "आवाज डावीकडून उजवीकडे सरकते. म्हणजे वाघ याच्या पाठीमागून गेला." त्या गाण्याला इतक्या बारकाईने दाद देणारा माणूस पुन्हा भेटणं नाही. 'तुझ्याविना'च्या पुढच्या ओळी बाबूने किती सुखात गायल्या आहेत हे आता आम्हाला ऐकवत नाही.

टाकीच्या गाण्याचं नाव झालं तेव्हा नागपूरच्या एका स्टुडिओने बोलावलं. चांगल्या यंत्रांवर नीट करू म्हणाले. स्टुडिओवाल्याची अट एकच, मामांना घेऊन या. मी इस्त्रीचा सदरा घातला. प्रवासात बाबूने मला स्प्रिंगस्टीनची गोष्ट सांगितली. या अमेरिकन गवयाने १९८२च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या आपल्या घरी, खोलीत बसून चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट यंत्रावर गाणी भरली. कच्चा आराखडा म्हणून. ती कॅसेट कव्हरशिवाय खिशात घेऊन हिंडला. मग आपला ताफा घेऊन मोठ्या स्टुडिओत तीच गाणी पुन्हा केली, आणि काही केल्या ती जमेनात. शेवटी खिशातली कॅसेटच अल्बम म्हणून काढली. 'नेब्रास्का'. मी विचारलं, "त्याच्या मामाने काय केलं?" बाबू म्हणाला, मामाचा उल्लेख नाही.

नागपूरला माझी रवानगी काचेच्या खोलीत झाली. कानांवर हेडफोन, समोर माइक, त्याला विकतची जाळी. बाहेरून स्टुडिओवाल्याने अंगठा दाखवला. मी खाकरलो आणि म्हणालो, "बाबू, मोटर बंद कर. टाकी भरली." म्हणजे तशी मी नोटीस बजावली. तो म्हणाला, "सर, नॅचरल." मी नॅचरल म्हटलं. "सर, घरी ओरडता तसं." मी मान हलवली. पण त्या खोलीत कुठेच पाणी सांडत नव्हतं. बिल येणार नव्हतं. शेजाऱ्यांच्या भिंतीला ओल लागणार नव्हती. बाबू दोन हातांवर काचेपलीकडे उभा होता, त्याला ओरडायचं कारण काय? १७ वेळा झालं. नवव्या वेळी मी "कृपया" म्हटलं, असं बाबू सांगतो. मला आठवत नाही. शेवटी स्टुडिओवाला आत आला, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि आदराने म्हणाला, "सर, तुमच्याकडे खरंच टाकी आहे ना?"

बाबूचं गाणंही तिथे झालं. सूर बिनचूक, प-फ कुठे फुटत नाही, घूं नाही, लय शेवटपर्यंत सरळ. एसी असल्याने घाई नव्हती, चार मिनिटांचं झालं. येताना गाडीत आम्ही दोनदा ऐकलं. ब्रह्मपुरी फाटा गेल्यावर बाबू म्हणाला, "मामा, याच्यातली पोट्टी तर येऊन गेली असंन." त्या वाक्याचा अर्थ मी नीट सांगू शकणार नाही, पण मला तो कळला. इतक्या थंड खोलीत वाट बघायला कोणाला त्रास होतो?

आमच्या गल्लीला मात्र आता सवय लागली आहे. बाबू कोठीत गेला की कोणी गाडी रेस करत नाही. समोरच्या काकू कुकरची शिट्टी धरून ठेवतात, त्यांची डाळ यापायी दोनदा लागली. ऑर्गनवाले शेजारी पायरीवर बसून नातवांना गप्प करतात. एके दिवशी बाबूने नवं गाणं धरलं. मीही अंगणात बाजेवर गुपचूप बसलो होतो. मालगाडी नव्हती, मिल बंद होती, वानरं कुठेतरी दुसरीकडे गेली होती. नुसती घूं होती आणि आत बाबू. तेवढ्यात वर टाकी भरली. पाणी वाहायला लागलं, आधी पन्हाळीतून, मग सरळ भिंतीवरून. मी उठलो, तोंड उघडलं आणि बंद केलं. पुन्हा पार्श्वगायन करायची माझी छाती झाली नाही. १७ वेळा हसं झालेला माणूस मी. पाणी वाहत राहिलं. आत गाणं चालू राहिलं, आणि खरं सांगतो, त्या पाण्याने ते गाणं फार सुंदर वाटत होतं.

तेवढ्यात बहीण प्रार्थनेहून आली. अंगणात घोटाभर पाणी, मी बाजेवर पाय वर घेऊन डोळे मिटून बसलेलो, गल्ली चिडीचूप. तिने हातातली खंजिरी खाली ठेवली.

"दोघंही बहिरे झाले का रे? गंगा वाहून राहिली ना अंगणात!"

रात्री बाबूने ते लावून दाखवलं. मी पेटी काढून पडताळून पाहिलं. बहिणीचा आवाज बरोबर पांढरी पाचवर लागला होता.